क्लाइडकाठच्या सुक्या गोद्या

ग्लासगोच्या मध्यवस्तीतून भुयारी रेल्वेने गव्हनला पोचायला फारसा वेळ लागत नाही. ही रेल्वे १८९६ सालची, लंडन आणि बुडापेस्टनंतर जगातली तिसरी. गोल फिरणारा एकच मार्ग, पंधरा स्थानकं, आणि डबे इतके बुटके की उंच माणसाने जपूनच उभं राहावं. बहुतेक पाहुणे नदीच्या पलीकडे, विद्यापीठाच्या बाजूला उतरतात. गव्हनला उतरतात ते गव्हनचे रहिवासी. मी मात्र ग्लासगोला आलो होतो तोच गव्हनसाठी.

त्याचं कारण माझगाव. माझं लहानपण गोदीच्या भोंग्यावर गेलं. सकाळी भोंगा झाला की शेजारचे काका डबा घेऊन निघायचे, आणि संध्याकाळी परत येताना त्यांच्या कपड्यांना रंगाचा, ग्रीसचा आणि गंजाचा वास असायचा. पण ते जिथून यायचे ती जागा आम्हाला कधी दिसली नाही. मुंबईच्या गोद्या उंच भिंतींआड आहेत. भिंतीवरून क्रेनचा शेंडा दिसतो, क्वचित एखाद्या जहाजाची डोलकाठी, बाकी काही नाही. लाखो माणसं रोज बसने त्या भिंतीला लागून जातात, आणि आत समुद्र बाजूला सारून जहाज जमिनीवर बसवतात हे त्यांना ठाऊक नसतं. गव्हनमध्ये हे काम बंद पडून तीस-पस्तीस वर्षं उलटून गेली आहेत. तिथला मामला उघडाबोडका पडलेला आहे, म्हणून तो पाहता येतो.

स्थानकातून बाहेर पडून गव्हन रोडने पूर्वेकडे चालत निघालं की डाव्या हाताला नदीच्या बाजूची इमारतींची ओळ तुटते आणि कुंपण सुरू होतं. कुंपणाला जागोजागी फटी आहेत. त्यातल्या एका फटीतून पहिली नजर गेली आणि मी थबकलोच. समोर, नदीला जवळजवळ समांतर, दगडी पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेला एक प्रचंड खड्डा. आपल्याकडच्या मोठ्या बारवेचे काठ लांबच लांब ओढत नेले तर जसं दिसेल तसं ते दृश्य होतं. अशा तीन गोद्या शेजारी शेजारी आहेत. पहिली ५५१ फूट लांब, दुसरी ५७५ आणि तिसरी ८८० फूट. तिसरीत त्या काळातलं जगातलं मोठ्यात मोठं जहाज मावेल अशा हिशेबाने ती बांधली होती. मधे दार घालून तिचे दोन भाग करायची सोयही होती, म्हणजे दोन लहान जहाजं एकाच वेळी आत घेता यायची.

कडेचे दगड ग्रॅनाइटचे. मी कुंपणाला टेकून जवळचा एक सांधा बराच वेळ न्याहाळला. सव्वाशे-दीडशे वर्षांचा पाऊस, भरती-ओहोटी आणि बर्फ खाऊनही तो सुटलेला नव्हता. दगडाची कड मात्र एका ठिकाणी गुळगुळीत घासली होती आणि तिच्यावर बोटभर खोल चर पडला होता. वर्षानुवर्षं दोर आणि साखळदंड त्याच जागेवरून ओढले गेल्याशिवाय ग्रॅनाइटला असा चर पडत नाही. शेजारी जहाज बांधायचा लोखंडी खुंट होता, गंजून लालभडक झालेला. आणि फरसबंदीच्या भेगांतून बर्चची झाडं डोक्याच्या वर वाढलेली होती.

सुकी गोदी म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं नाही त्याला थोडं सांगायला हवं. जहाजाचा तळ कायम पाण्याखाली. त्याला शेवाळ लागतं, शंख-शिंपले घट्ट चिकटतात, रंग सुटतो, पत्रा गंजतो. असं जहाज जड होतं, सावकाश चालतं आणि कोळसा जास्त खातं. म्हणून ठरावीक काळाने ते पाण्याबाहेर काढावंच लागतं. हजारो टनांचं जहाज उचलणं अवघड, म्हणून त्याच्याखालचं पाणीच काढून टाकायचं. भरतीच्या वेळी जहाज गोदीत घेतात, तोंडाशी दार लावतात आणि पंप सुरू करतात. बाहेरच्या पाण्याचा दाब दारावर पडतो आणि दार आपसूक घट्ट बसतं. पाणी उतरू लागलं की खरी कसोटी. तळाशी मधोमध लाकडाचे ठोकळे ओळीने मांडून ठेवलेले असतात, जहाजाचा कणा नेमका त्यांच्यावर बसला पाहिजे. इंचभर इकडेतिकडे झालं तर जहाज कलतं. म्हणून पाणी उतरत असतानाच दोन्ही बाजूंनी लांब लाकडी टेकू देत जायचं. टेकूचं एक टोक जहाजाच्या कुशीला, दुसरं गोदीच्या पायरीवर. त्या पायऱ्या यासाठीच असतात. जहाज रुंद असो की अरुंद, टेकूला योग्य उंचीवर जागा मिळावी म्हणून.

पूर्ण पाणी गेलं की माणसं खाली उतरतात. मग तळ खरवडणं, गंज काढणं, सैल झालेले रिबीट काढून नवे ठोकणं, सुकाणू आणि पंखा तपासणं, तळाला रंग देणं. हे सगळं ओल्या चिखलात उभं राहून, डोक्यावर जहाजाचं पोट घेऊन करायचं. त्यातही घाई असते, कारण गोदीचं भाडं दिवसाच्या हिशेबाने चालू असतं आणि पुढचं जहाज बाहेर थांबलेलं असतं. कुंपणाजवळ कुत्र्याला फिरवायला आलेले एक वयस्क गृहस्थ भेटले. त्यांचे वडील इथेच कामाला होते. हिवाळ्यात वडील घरी आले की आई त्यांचे हात कोमट पाण्यात धरून ठेवायची, तेव्हा कुठे बोटं मिटायची, असं ते म्हणाले. ते ऐकताना मला माझगावचे काका आठवले. त्यांची कातडी उन्हाने तापलेल्या पत्र्यांवर भाजलेली असायची.

ज्या नदीवर हे सगळं उभं राहिलं ती नदी मुळात जहाजांच्या कामाची नव्हतीच. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्लाइड इतकी उथळ होती की ओहोटीला काही ठिकाणी गुडघाभरही पाणी नसे. जहाजांना वीसेक मैल खाली, खाडीच्या तोंडाशी थांबावं लागे. मग ग्लासगोकरांनी नदीत धक्के घालून तिचा प्रवाह अरुंद केला, म्हणजे पाणी जोराने वाहून स्वतःच गाळ काढील. पुढे वाफेवरच्या ड्रेजरने दशकानुदशकं तळ उपसला. ग्लासगोने क्लाइड घडवली आणि क्लाइडने ग्लासगो घडवलं, असं तिकडे म्हणतात, ते शब्दशः खरं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीची मालकी आणि व्यवस्था क्लाइड नेव्हिगेशन ट्रस्टकडे होती. याच ट्रस्टने गव्हनच्या तिन्ही गोद्या बांधल्या. पहिलीचं काम १८६९ ते १८७५, दुसरीचं १८८३ ते १८८६, तिसरीचं १८९४ ते १८९८. ट्रस्टचे मुख्य अभियंता जेम्स डीस यांचा या बांधकामात मोठा हात होता.

१८६९ या सालाला मुंबईच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. त्याच वर्षी सुएझ कालवा खुला झाला. आफ्रिकेला वळसा घालून येणारा प्रवास हजारो मैलांनी कमी झाला, शिडाची जहाजं त्या मार्गावर मागे पडली आणि आगबोटींची मागणी एकदम वाढली. त्या आगबोटी बांधायच्या कुठे? क्लाइडवर. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर जगात बांधल्या जाणाऱ्या जहाजांच्या एकूण टनेजपैकी सुमारे पाचवा हिस्सा या एका नदीच्या काठी तयार होत होता. ग्लासगोच्या अँकर लाइनने मुंबईशी नियमित वाहतूक चालवली, ती थेट १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत. त्या मार्गावरच्या शेवटच्या काळातल्या तीन प्रवासी बोटी, सर्केशिया, सिलिशिया आणि कॅलेडोनिया, गव्हनच्याच फेअरफील्ड कारखान्यात बांधल्या होत्या. इथे या गोद्यांपासून पायी पोचता येईल इतक्या अंतरावर त्या घडल्या आणि मुंबई-लिव्हरपूल अशा फेऱ्या करत राहिल्या. विलायतेला शिकायला माणूस गेलेल्या आपल्याकडच्या कित्येक घरांत या बोटींची नावं अजून निघतात.

त्या काळच्या ब्रिटिश बोटींवर राबणारी माणसं मात्र फार कमी घरांत आठवली जातात. डेकवरच्या खलाशांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने असत, आणि स्वयंपाकघरात नि प्रवाशांच्या सेवेत गोवेकर. बोट मिळेपर्यंत गोवेकर मुंबईत धोबी तलावच्या बाजूला आपापल्या गावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, मुक्काम करायचे, पेटी कुडात ठेवायची आणि बोलावणं आलं की निघायचं. असे हिंदी खलाशी ग्लासगोच्या बंदरातही उतरत. बोट गोदीत गेली की त्यांच्यापैकी काहींना दिवसचे दिवस या थंडीत काढावे लागत, पातळ कपड्यांनिशी. ग्लासगोत अँकर लाइनची जुनी कचेरी अजून उभी आहे, पांढऱ्याशुभ्र दर्शनी भागाची देखणी इमारत. खलाशांची आठवण शहरात शोधावी लागते.

नदीच्या वरच्या अंगाला गेलात तर आणखी एक ओळखीची गोष्ट दिसेल. फिनिस्टनची भलीमोठी क्रेन अजून उभी आहे, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीची. स्प्रिंगबर्नला बनलेली रेल्वे इंजिनं रस्त्याने ओढत आणून तिने जहाजात चढवायची. त्यातली कितीतरी हिंदुस्थानात आली. आणि खालच्या अंगाला स्कॉट्सटनला यारो कंपनीचा कारखाना होता. स्वातंत्र्यानंतर माझगाव डॉकने पहिली मोठी युद्धनौका बांधली, १९७२ साली नौदलात दाखल झालेली ‘नीलगिरी’, तिच्या रचनेत आणि उभारणीत या यारोचं सहकार्य होतं. म्हणजे एका काठाने दुसऱ्याला हात दिला, आणि नंतर पहिला काठच ओस पडला.

ते का झालं, याला एकच कारण नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान आणि इतर देशांनी मोठमोठे नवे कारखाने उभारले. इकडे यंत्रं जुनी राहिली, व्यवस्थापन आणि कामगार यांचे संबंध बिघडलेले होते. जहाजं इतकी वाढली की ग्लासगोपर्यंतची अरुंद नदी त्यांना अपुरी पडू लागली. १९६४ साली खाली ग्रीनॉकला हजार फुटी नवी सुकी गोदी झाली. मालाची वाहतूक कंटेनरमध्ये गेली आणि कंटेनर बंदरही ग्रीनॉकलाच झालं. १९७१ साली फेअरफील्ड चालवणारी अपर क्लाइड शिपबिल्डर्स ही कंपनी बुडाली तेव्हा कामगारांनी संप केला नाही. त्यांनी कारखाना ताब्यात ठेवून काम चालूच ठेवलं, जिमी रीड यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या नेतृत्वाखाली, दारू नको, मोडतोड नको, शिस्त सोडायची नाही, अशी ताकीद स्वतःलाच देऊन. सरकारला माघार घ्यावी लागली आणि फेअरफील्डचा कारखाना वाचला. आज तो बीएई सिस्टिम्सकडे आहे आणि तिथे ब्रिटिश नौदलाच्या फ्रिगेट बांधल्या जातात. सुक्या गोद्यांना मात्र असा कुणी वाली मिळाला नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्या बंद पडल्या.

शेजारच्या गोद्यांचं जे झालं त्या मानाने यांना नशीबवान म्हणायला हवं. पलीकडच्या तीरावरची क्वीन्स डॉक १९७०च्या दशकात डबराने भरून टाकली, आता तिच्यावर प्रदर्शन केंद्र आहे. अलीकडची प्रिन्सेस डॉक बहुतेक सगळी बुजवली आणि १९८८ साली तिथे बागांचं भव्य प्रदर्शन भरलं. मग विज्ञान केंद्र आलं, बीबीसीची इमारत आली. गोदीचं जहाजं वळवायचं कुंड तेवढं उरलं, गव्हनच्या गोद्यांची तोंडं त्याच्याच बाजूला आहेत. मुंबईतही प्रिन्सेस डॉक होती, १८८० साली सुरू झालेली. तीही कंटेनरच्या जागेसाठी भरण्यात आली. दोन्ही शहरांनी राजपुत्राच्या नावाने समुद्राला जागा करून दिली होती आणि दोघांनीही ती परत मातीने भरली.

गव्हनच्या गोद्या बुजवल्या गेल्या नाहीत, कारण त्यांना वारसा वास्तूंच्या सर्वोच्च ‘ए’ श्रेणीचं संरक्षण मिळालं. पण संरक्षणाचा कागद आणि देखभाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारं निकामी झाली, तळाशी गाळ साचला, पंपघराची पडझड झाली, लाकूड जळलं, लोखंड चोरीला गेलं. पडीकपणाचा उपयोग झाला तो सिनेमावाल्यांना. सॅम मेंडिस यांच्या ‘१९१७’मधल्या युद्धभूमीची काही दृश्यं इथे चित्रित झाली.

भवितव्याचा वाद मुख्यतः घरांचा आहे. नदीकाठची जागा म्हणजे बिल्डरांची नजर असणारच. सातशेहून अधिक घरं, हॉटेल, दुकानं असा आराखडा आला, तो ग्लासगोच्या नगरपालिकेने २०१८ साली नामंजूर केला. स्थानिकांचा विरोध मोठा होता. नंतर त्याहून लहान योजना पुढे आल्या, त्यांत घरांबरोबर उद्यानाचीही कल्पना होती. दुसरीकडे पहिल्या गोदीतला गाळ काढून तिथे पुन्हा जहाजदुरुस्ती सुरू करायची खटपट २०२०नंतर चालू झाली. ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि का ते सांगतो.

विज्ञान केंद्राच्या धक्क्याला ‘वेव्हर्ली’ ही वल्ह्यांच्या चाकाची आगबोट उभी असते. समुद्रात प्रवासी नेणारी जगातली या प्रकारची शेवटची बोट. १९४६ साली ती याच नदीत उतरवली, ज्या पॉइंटहाउसच्या कारखान्यातून उतरवली ती जागा समोरच्या तीरावर आहे आणि तिथे आता झाहा हदीद यांनी रचलेलं रिव्हरसाइड संग्रहालय आहे. जवळच १९३३ सालची ‘क्वीन मेरी’ नावाची जुनी टर्बाइन बोट दुरुस्तीची वाट पाहत उभी आहे. संग्रहालयासमोर ‘ग्लेनली’ हे १८९६चं तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे. या बोटींना गोदीची गरज लागतेच. हाकेच्या अंतरावर तीन गोद्या आहेत आणि ‘वेव्हर्ली’ गोदीत बसायला ग्रीनॉकपर्यंत खाली जात आली आहे. हे मला सहन होत नाही. जगभर जुन्या बंदरांची हॉटेलं आणि सदनिका झाल्या, पाण्याकडे पाहणारी खिडकी विकली गेली, पाण्यावर काम करणारा माणूस उठून गेला. इथे निदान एका गोदीत पुन्हा पाणी उपसलं जावं, लोहार, सुतार, वेल्डर यांच्या आणि शिकाऊ पोरांच्या हाताला काम मिळावं. उरलेल्या दोन गोद्यांभोवती बाग होऊ दे, चालायला वाट होऊ दे, वरच्या मोकळ्या जमिनीवर काही घरंही होऊ देत. गव्हन ही श्रीमंतांची वस्ती नाही, तिथल्या माणसांना परवडणारी घरं हवीच आहेत. १९१५ साली भाडेवाढीविरुद्ध मेरी बार्बर यांनी इथल्याच बायकांना रस्त्यावर आणलं होतं, त्यांचा पुतळा स्थानकाजवळ उभा आहे. पण गोदीच्या कडेला चिकटून टॉवर उठले की गोदीत हातोडा वाजू देणार कोण?

मुंबईलाही हाच प्रश्न आता विचारायची वेळ आली आहे. पूर्व किनाऱ्यावर बंदराची सुमारे १,८०० एकर जमीन आहे. तिचं काय करायचं याचा विचार करून राणी जाधव समितीने २०१४ साली अहवाल दिला. नौदलाच्या गोदीत १७५०पासूनची वाडियांच्या हाताखाली बांधलेली सुकी गोदी आहे, इंदिरा डॉकमध्ये १९१४ची हजार फुटी ह्यूज ड्राय डॉक आहे, माझगाव तर चालूच आहे. आराखडे काढणाऱ्यांनी गव्हनचे ते दगड एकदा जाऊन पाहावेत. काम बंद पडल्यावर ते पुन्हा सुरू करायला किती वर्षं आणि किती भांडणं लागतात, ते तिथे उघड्यावर मांडून ठेवलेलं आहे.

जायचं असेल तर वाट सोपी आहे. गव्हन स्थानकाला उतरून आधी जुन्या गव्हन चर्चमध्ये जा. तिथे नवव्या-दहाव्या शतकाच्या आसपासच्या कोरीव थडग्याच्या शिळा आहेत, त्यांतले कुबडाच्या आकाराचे पाच प्रचंड दगड व्हायकिंग काळातले. अशा काही शिळा १९७३ साली शेजारचा जहाजांचा कारखाना पाडताना हरवल्या असं समजत होते, २०१९ साली उत्खननात एका शाळकरी मुलाच्या सळईला त्यांतली पहिली लागली. चर्चजवळून नदीवर २०२४ साली खुला झालेला पादचारी पूल आहे, जहाजाला वाट द्यायला बाजूला फिरणारा. तो ओलांडून संग्रहालयाशी पोचा आणि तिथून काठाने पूर्वेकडे चालत राहा. ओहोटी साधली तर समोरच्या तीरावरची गोद्यांची दगडी कड चांगली उघडी पडते. परतताना फेअरफील्डच्या जुन्या कचेरीतलं वारसा केंद्रही पाहून घ्या, फक्त उघडण्याचे वार आधी विचारून ठेवा.